टाकीवरचा आकडा

टेंभुरखेड्याला मोबाइलची रेंज नाही, असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं. रेंज आहे. पण ती जमिनीपासून चाळीस फूट वर आहे, पाण्याच्या टाकीच्या झाकणापाशी, आणि तिथं रोज चढणारा माणूस अख्ख्या गावात एकच. जळबा. सेनगाव तालुक्यातल्या या गावाला बावीस वर्षांपासून तोच पाणी सोडतो.

आता सरकारदरबारी कशालाही हात लावा, गॅस म्हणा, रेशन म्हणा, पीकविमा म्हणा, मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी येतो आणि दहा मिनिटांच्या आत तो कॉम्प्युटरला सांगावा लागतो. टेंभुरखेड्याच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आहे, त्याला जमिनीखालून तार आलीये, नेट धो धो चालतं. मोबाइल मात्र मुका. माणूस मोटारसायकल काढून शिवेवरच्या टेकडावर जाणार, आकडा घेऊन परत येणार, तोवर दहा मिनिटं खलास. मग लोकांनी डोकं लावलं. सगळ्यांनी आपापल्या कागदावर जळबाचाच नंबर टाकला. घरं तीनशे चाळीस, नंबर एक. जळबाचा बटनांचा फोन टाकीच्या कठड्याला पिशवीत बांधलेला असायचा. तो वाजला की जळबा वर चढायचा आणि पंचायतीच्या भोंग्यावर आकडा पुकारायचा.

“गॅसचा आकडा! सात, दोन, दोन, नऊ, एक, सहा! हा आकडा कुणालाही सांगू नका!”

शेवटचं वाक्य मेसेजमधलंच. पंचायतीची कॉम्प्युटरवाली पोरगी वैष्णवी त्याला शंभरदा म्हणाली, “जळबाकाका, ते नका ना वाचू, लोक हसतात.” पण जळबाचं म्हणणं एकच, जे आलं ते बराबर पुरं वाचायचं, आपल्या मनानं त्यातलं काही गाळायचं न्हाई. एकदा निवृत्त उद्धव गुरुजींच्या नावानं लग्न जुळवणाऱ्या साइटचा आकडा आला, तोही त्यानं पुरा वाचला. गुरुजी चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. पण पाचव्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन जळबाला चहा पाजला, कारण आकडा वेळेत पोचला होता.

असा हा चोख माणूस. आणि या चोख माणसाला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विश्वंभररावांनी असा काही पेचात धरला की बिचाऱ्याला घाम फुटला.

विश्वंभरराव म्हणजे गावचे दोनदा झालेले सरपंच. या खेपेला त्यांनी मारोतीच्या पारावर बैठक घेतली आणि निवडणूक बिनविरोध ठरवून टाकली. जागा सात, नावं सात. वॉर्ड दोनमधली बाईची जागा त्यांनी आपल्या सुनेला दिली, राजनंदिनीला. ती राहते नांदेडला. गावात येते ती दिवाळीला, आणि तेव्हाही पिण्याचं पाणी गाडीत बाटल्या भरून आणते. सातही जणांचे अर्ज दोन दिवसांत ऑनलाइन भरून झाले. अर्जाला आकडा लागतोच. सातही आकडे भोंग्यावर पुकारले गेले, गावानं ऐकले, झालं.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडायच्या आदल्या संध्याकाळी विश्वंभरराव जळबाला मारोतीच्या देवळात घेऊन गेले.

“जळबा, आता आठवा आकडा येता कामा न्हाई.”

“मालक, येणं न येणं माझ्या हातात हाय का? आला तर मी पुकारतो.”

“तेच म्हणतो मी. लाव मारोतीच्या शेंदराला हात. उद्या दुपारी तीन वाजेपर्यंत तुझ्या तोंडातून एकबी आकडा निघायचा न्हाई. निघाला तर पाण्याच्या कामावर दुसरा माणूस ठेवलाच म्हणून समज.”

गुरव समोर उभा होता. जळबानं शेंदराला हात लावला. काय करणार? बावीस वर्षं काम करूनही तो कायम झालेला नव्हता, दरवर्षी नव्यानं ठराव घेऊन ठेवलेला माणूस तो.

घरी आला, हात धुतले, भाकरीला बसला. समोर मंजुळाबाई, त्याची बायको. ती ताटात ठेचा वाढत म्हणाली, “उद्या मी अर्ज भरून राहिले. वॉर्ड दोन.”

जळबाचा घास हातातच राहिला.

“येडी झाली का? काहून?”

मंजुळाबाईनं मान वळवून अंगणातल्या नळाकडं बघितलं. तो नळ अकरा वर्षांपूर्वी बसला, गावात सगळ्यांच्या दारात बसले तेव्हाच. पण जळबाच्या, म्हणजे वरल्या गल्लीतल्या एकाही नळाला आजपर्यंत थेंब आला नाही. मधेच विश्वंभररावांचा गोठा, आणि गोठ्यात मेन लाइनला लावलेली त्यांची मोटार. वरल्या गल्लीचं पाणी रोज त्यांच्या म्हशी पितात. आणि गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाची बायको रोज मारोतीच्या गल्लीतून घागरी आणते. जळबाच्या दारातल्या नळाचा उपयोग म्हणाल तर त्याचा सदरा अडकवायला.

“ते मोटार काढायचं पंचायतीच्या हातात हाय,” मंजुळाबाई म्हणाली. “तुमी कितीदा म्हणले, माझा हात टाकीच्या वॉलच्या दांडीवर, मोटारीवर न्हाई. मग मी बघते. माझी मान गेली आता, अवो. खरंच गेली.”

“अगं पन मी शपथ घेऊन आलो ना! माझ्या तोंडातून आकडा निघायचा न्हाई!”

“शपथ तुमी घेतली, मी न्हाई घेतली.” एवढं बोलून तिनं दुसरी भाकरी टाकली.

जळबा मनात म्हणाला, मारोतीराया, तू तरी आधी मला सावध करून मग शेंदराला हात लावू द्यायचा होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडायला जळबा टाकीपाशी आला तर टाकीच्या शिडीखाली खाट. खाटेवर लोडाला टेकून विश्वंभरराव. भोंग्याचं मशीन त्यांनी उचलून घरी नेऊन ठेवलेलं.

“तू तुझं काम कर,” ते म्हणाले. “वर चढ, खाली उतर, फोन बघ. आपली काही ना न्हाई. पन टाकी सोडून पंचायतीकडं पाऊल टाकायचं न्हाई, आन् तोंडातून आकडा न्हाई.”

ते स्वतः काही तिथून उठायला तयार नव्हते. चहासुद्धा खाटेवरच.

जळबा पाणी सोडायला बसला. इथं टेंभुरखेड्याची पाणी सोडायची रीत सांगितली पाहिजे. टाकीच्या बुडाशी लोखंडी दांडीचा वॉल आहे. कुठल्या गल्लीची बारी आहे ते बायांना कळावं म्हणून जळबा आधी दांडी झटकन उघडून झटकन बंद करतो. मग गावातले नळ उचकी दिल्यासारखे एक घोट पाणी टाकतात. एक उचकी, खालची गल्ली. दोन उचक्या, मधली. तीन, मारोतीची. चार, वरली. बाया कामात असल्या तरी कानानं उचक्या मोजतात. पोटातलं लेकरू जसं आईला लाथ मारून कळवतं, तसं नळाचं कळतं त्यांना. वरल्या गल्लीची बारी मात्र चार उचक्यांनी सुरू होते आणि तिथंच संपते. त्यांच्या नळाला मागून नुसती हवा येते, फुस्स्.

पाणी झालं आणि जळबाचा खरा छळ सुरू झाला. आकडा तोंडातून काढायचा नाही म्हणजे किती अवघड आहे ते शपथ घेतल्याशिवाय कळत नाही. चहावाल्यानं विचारलं, “कट का फुल?” ते ठीक. पण मग त्यानं विचारलं, “किती?” आणि जळबा नुसता आ करून बघत राहिला. शिरड शहापूरहून आलेला पाहुणा म्हणाला, “मामा, वाजले किती?” जळबानं सूर्याकडं बोट केलं. “लेकरं किती तुम्हाला?” तर म्हणाला, “हायत की, देवाच्या दयेनं, मोजकी.” पाहुण्यानं गावात जाऊन सांगितलं की टाकीवाल्याचं डोकं फिरलं.

अकरा वाजता गॅसची गाडी आली. गाडीवाला आकडा मागायला लागला. जळबाच्या फोनवर आकडे येऊन पडत होते, पण पुकारणार कोण? बाया टाकीपाशी आल्या.

“जळबाभाऊ, माझा आकडा काय आला?”

जळबानं ओठ दाबून विश्वंभररावांकडं बघितलं.

“आज कुणालाच आकडा न्हाई,” विश्वंभरराव म्हणाले. “तीन वाजल्यावर या.”

“तवर गाडीवाला थांबंल व्हय? दुपारचा सैपाक काय तुमच्या लोडावर करावा?”

गाडीवाला थांबला नाही. भरलेली सिलिंडरं घेऊन तो डोंगरकडा गावाच्या रस्त्याला लागला. त्यात विश्वंभररावांच्या घरचंही एक सिलिंडर होतं. त्यांच्या बायकोनं निरोप धाडला की आज जेवण खाटेवरच करून घ्या, बाहेर काय मिळंल ते खाऊन.

आणि साडेबाराच्या सुमाराला मंजुळाबाई पंचायतीत शिरली. नवं लुगडं, हातात आधार कार्ड, संडास वापरत असल्याचं घोषणापत्र आणि सोबत सूचक म्हणून शेजारची गंगूताई. जळबाला हे टाकीवरून दिसलं. तो फोन बघायला म्हणून वर चढला होता. खरं तर त्याला खाली धीर धरवत नव्हता.

वैष्णवी नियमाची पोरगी. येईल त्याचा अर्ज भरायचा, हा तिचा नियम. तिनं काहीएक न विचारता नाव टाकलं, वॉर्ड टाकला, लेकरं टाकली, कागद जोडले. शेवटी म्हणाली, “काकू, आता आकडा येईल. जळबाकाकांच्या फोनवर. दहा मिनिटं.”

टाकीवर जळबाच्या हातात फोन वाजला. तीन, एक, शून्य, चार, दोन, दोन. हा आकडा कुणालाही सांगू नका.

जळबानं आयुष्यात पहिल्यांदा ते शेवटचं वाक्य मनातल्या मनात वाचलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काय जमाना आला बघा. तीनशे चाळीस घरांचे आकडे पुकारले, गुरुजींच्या लग्नाचासुद्धा पुकारला, आणि घरच्या बाईचा आकडा नरड्यात अडकला! ओरडावं तर शपथ मोडते, आणि जळबा शपथ मोडणारा माणूस नव्हे. शिवाय ओरडल्याबरोबर उद्यापासून टाकीवर दुसरा माणूस. न ओरडावं तर दहा मिनिटांनी आकडा मेला, तीन वाजता मुदत मेली, आणि मंजुळाची मान पुढची पाच वर्षं घागरीखाली.

तो भराभर शिडी उतरला.

“काय आलं फोनवर?” विश्वंभररावांनी विचारलं.

“आकडा आला, मालक.”

“कुणाचा?”

“निवडणुकीचा.”

विश्वंभरराव ताडकन उठून बसले. “कोण हाय तो? कोण हाय? बोल!”

“ते मी बोलू का? बोलायला लागलो तर पुरंच वाचावं लागंल मला. आकड्यासकट.”

“नको! नको! तोंड बंद ठेव!” विश्वंभरराव घाईघाईनं म्हणाले. “दहा मिनिटं जाऊ दे. मग बघतो मी कोण हाय ते.”

जळबानं तोंड बंद ठेवलं. तो वॉलपाशी उकिडवा बसला. दांडीवर हात ठेवला. बावीस वर्षं त्या दांडीनं त्याच्या तळहाताला घट्टा पाडला होता, आणि त्या घट्ट्याला काय करायचं ते त्याच्या डोक्याच्या आधी कळलं.

उघड, बंद. उघड, बंद. उघड, बंद.

तीन.

गावात भर दुपारी नळ उचकले. मारोतीच्या गल्लीतल्या बाया हातातली कामं टाकून घागरी घेऊन पळाल्या. “अगं बाई, आपली बारी! या येळेला?”

जळबा थोडा थांबला. उघड, बंद.

एक. मारोतीच्या गल्लीत घागरी कोरड्या, आणि आता खालची गल्ली पळायला लागली.

“ए, काय करून राहिलास?” विश्वंभरराव ओरडले.

“लाइन धुवून राहिलो, मालक. गाळ लई झाला.”

आणि मग जळबाचा हात थांबला. शून्य. आता शून्य कसं सोडायचं? उचकी दिली तर एक होतो. नाही दिली तर नुसती वाट बघणं होतं, पुढचा चार त्याच्या जागी जाऊन बसणार. शून्य नावाची गल्लीच नाही गावात! घामानं त्याचे हात ओले झाले. विश्वंभररावांच्या मनगटावरच्या घड्याळाचा काटा त्याला दिसत होता, आणि शपथेमुळं त्याला तो आकडासुद्धा मनात धड म्हणवत नव्हता.

मग त्यानं दांडी केसाएवढी सरकवली. अगदी केसाएवढी. पाणी पुढं जाणार नाही, पाइपातली हवा तेवढी पुढं सरकेल, एवढीच. गावभर नळ बोलले, फुस्स्.

त्यानं डोळे मिटले. मारोतीराया, तिला कळू दे. बाकी कुणाला कळलं न्हाई तरी चालंल.

मग चार. मग दोन. मग जरा दम खाऊन पुन्हा दोन. आणि तो दांडी सोडून तिथंच मातीत बसला.

एवढ्यात चारही गल्ल्यांतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन टाकीवर धडकल्या. “बारी कुणाची हाय ते एकदा सांगा! गॅस न्हाई, पाणी न्हाई, आन् आमाला या उन्हात गल्लीगल्लीनं पळवून राहिले!” जळबानं हात जोडून विश्वंभररावांकडं नजर टाकली. आज टाकीचा कारभार त्यांच्याकडं होता, हे खाटेवरून दिसतच होतं. बायांनी खाटेला गराडा घातला. विश्वंभररावांना लोडावरून उठायला जागा राहिली नाही.

त्या गराड्याच्या मागून, रस्त्याच्या पलीकडल्या कडेनं मंजुळाबाई गेली. तिच्यामागं गंगूताई. मंजुळाबाईच्या हातात प्रिंट काढलेले कागद होते, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातलेले. तिनं टाकीकडं बघितलंसुद्धा नाही. कागद तहसिलीत जमा करायला ती तडक सेनगावच्या जीपमध्ये जाऊन बसली आणि जीप निघाली. कागद हातात, म्हणजे आकडा लागला! शून्यासकट लागला!

तीन वाजता पारावर बैठक भरली. आठवा अर्ज मंजुळाबाईचा, हे एव्हाना कळल्यानं विश्वंभरराव नुसते पेटले होते. “शपथ मोडली यानं! मारोतीची शपथ!”

गुरवानं शांतपणे विचारलं, “याच्या तोंडातून आकडा निघाल्याचं ऐकलं का कुणी?”

कुणीच ऐकलं नव्हतं. उलट शिरड शहापूरच्या पाहुण्यानं छातीवर हात ठेवून साक्ष दिली की या माणसानं स्वतःची लेकरंसुद्धा मोजून सांगितली नाहीत.

“मग आकडा गेला कुठून?” विश्वंभरराव ओरडले.

बायांच्या बाजूनं कुणीतरी फिदकन हसलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना एव्हाना कळलं होतं, पण सांगायला कुणाची जीभ उचलली नाही. तेवढ्यात विश्वंभररावांच्या घरून निरोप आला की सिलिंडरची गाडी परत फिरलीये, आकडा पाहिजे, आत्ताच्या आत्ता. त्यांनी दात खाऊन स्वतःच भोंग्याचं मशीन आणून जळबाच्या हातात दिलं. “बाकीचं मग बघू,” असं मात्र म्हणाले. ते बघणार होते, हे जळबाला पक्कं माहीत होतं. निवडणूक लागली होती, आणि मंजुळा हरली तर दांडी दुसऱ्याच्या हातात जाणार होती. तरी त्यानं विश्वंभररावांच्या घरचा आकडा पुरा वाचला. कुणालाही सांगू नका, हेसुद्धा वाचलं.

दिवस कलता कलता मंजुळाबाई सेनगावहून परतली. दारात पायरीवर बसून तिनं पिशवीतून अर्जाची पोच काढली आणि जळबाच्या मांडीवर ठेवली. तिच्यावर तहसिलीचा ठसठशीत शिक्का होता.

जळबानं ती उलटसुलट बघितली. मग त्यानं विचारलं.

“तीन, एक, ते समजलं असंल. पंचायतीच्या नळाखाली हात धरून मोजलं असशील. पन शून्य? शून्य कसं कळलं गं तुला? वैष्णवीला कळलं?”

“तिला कुठलं कळतंय! ती म्हणली, काकू, नळाला हवा आली, पुढचं बघा. मी म्हणलं, पुढचं न्हाई, बाई. शून्य दाब.”

“पन कसं?”

मंजुळाबाईनं अंगणातल्या नळाकडं बघितलं. “अकरा वर्षं झाली, रोज सकाळी चार उचक्यांनंतर तेच तर येतं आपल्या बारीला. मला न्हाई कळणार तर कुणाला कळंल?”

शपथेची मुदत संपून दोन-तीन तास होऊन गेले होते, तोंडातून आकडा काढायला आता कुणाची ना नव्हती, पण त्याला एकही आकडा आठवेना. त्यानं लुंगीच्या टोकानं डोळे पुसले. मग उठला, नळाला अडकवलेला आपला सदरा काढला आणि भिंतीतल्या खिळ्याला नेऊन टांगला.